शॅमेलिऑनचा हिरवा पिंजरा : काटकसर कुठे करावी, कुठे नाही

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलाने कुत्रं-मांजर सोडून थेट शॅमेलिऑनचा हट्ट धरला, की आजी म्हणते, "अगं बाई, सरडा? घरात?" आणि बाबा मोबाइल काढून किंमत बघतात. पिल्लू साधारण पन्नास ते शंभर डॉलरला मिळतं हे कळल्यावर बाबांचा विरोध मावळतो. गफलत इथेच होते. प्राणी स्वस्त असला तरी त्याला जगवणारं घर त्याच्या तिप्पट-चौपट पैसे खातं. ते घर दुकानात सांगतात तेवढं महाग असायलाच हवं असंही नाही. काही वस्तूंवर हात आखडता घेतला तर प्राण्याचं काहीच बिघडत नाही. काहींवर घेतला तर वर्षभरात तो पायांनी अधू होतो.

घरगुती पाळणाऱ्यांकडे सर्वांत जास्त दिसतो तो व्हेल्ड शॅमेलिऑन. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला. डोक्यावर उंच तुरा, मोठा नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा. पुढचे सगळे आकडे याच जातीचे आहेत. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनला किंवा केनियाच्या डोंगरातल्या तीन शिंगांच्या जॅक्सन शॅमेलिऑनला ते जसेच्या तसे लावू नयेत.

गैरसमज १ : गावाकडचा सरडाही असाच पाळता येईल

वस्तुस्थिती : भारतात नाही. महाराष्ट्रात कुंपणाच्या झुडपांत, बाभळी-बोरींवर दिसणारा घोयरा सरडा म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशी जातींचं म्हणाल तर शॅमेलिऑनच्या व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रांशिवाय "पुण्यात एक जण देतो" म्हणून आणलेला प्राणी तुम्हालाच अडचणीत आणेल.

आणखी एक. घोयरा विषारी नसतो. त्याच्याकडे बघून काही होत नाही आणि तो फुसफुसला तरी इजा करू शकत नाही. अंगणात दिसला तर काठी शोधू नये, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं.

अमेरिकेतही सगळीकडे एकच नियम नाही. हवाईत व्हेल्ड शॅमेलिऑन पाळायला बंदी आहे. कारण सुटलेले आणि सोडलेले शॅमेलिऑन तिथल्या रानात वाढले आणि स्थानिक किडे-पक्ष्यांना धोका ठरले. फ्लोरिडातही व्हेल्ड शॅमेलिऑन असेच रानटी झाले आहेत. म्हणून आपल्या राज्याचा नियम आधी बघावा, आणि कंटाळा आला म्हणून प्राणी बागेत कधीही सोडू नये.

गैरसमज २ : तयार 'किट' घेतलं की स्वस्तात पडतं

वस्तुस्थिती : किटमध्ये बहुतेक वेळा लहान पिंजरा, आखूड स्प्रिंगसारखा यूव्ही बल्ब, प्लास्टिकची वेल आणि चिकटवायचा तबकडीचा तापमापक असतो. यातलं जवळजवळ सगळं सहा महिन्यांत बदलावं लागतं. म्हणजे खर्च दोनदा.

मोठ्या शॅमेलिऑनला साधारण दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच जागा लागते. उंची सर्वांत महत्त्वाची. हा झाडावरचा प्राणी आहे. धोका वाटला की तो वर चढतो आणि वरून खाली बघता आलं की निवांत होतो. चार फुटी पिंजरा जमिनीवर ठेवला तर माणूस त्याच्यावर वाकून बघतो, आणि वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. पिंजरा टेबलावर किंवा भक्कम कपाटावर असा ठेवावा, की त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर राहील. याला एक पैसा लागत नाही.

पैसे वाचवायचे तर पिंजरा सेकंडहँड घ्यावा. मुलांची हौस फिटल्यावर विकायला निघालेले जाळीचे पिंजरे निम्म्या किमतीत मिळतात. गरम पाणी, साबण, मग पातळ ब्लीच, पुन्हा भरपूर पाणी आणि उन्हात वाळवणं एवढं केलं की काम झालं. हाताने बनवायचा तर पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि खिडकीची ॲल्युमिनियमची जाळी पुरते. लाकडाला वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावे लागतात आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर रोजच्या फवारणीने चौकट कुजते. नायलॉन किंवा फायबरची जाळी मात्र नको. खाऊ म्हणून आत सोडलेले रातकिडे ती कुरतडतात आणि दिव्याखाली ती वितळते.

गैरसमज ३ : काच म्हणजे मरण, जाळी म्हणजे जीवदान

वस्तुस्थिती : त्याला हवा खेळती लागते. ती काचपेटीतही खेळू शकते आणि जाळीच्या पिंजऱ्यातही. पूर्ण बंद काचपेटीत दमट हवा कोंडते आणि फुप्फुसांचे विकार होतात, हे खरं. पण पेटीला खाली पुढच्या बाजूला झरोके आणि वर पूर्ण जाळी असेल तर दिव्याने तापलेली हवा वर निघते आणि खालून ताजी आत ओढली जाते.

याउलट न्यू जर्सी किंवा शिकागोच्या हिवाळ्यात घरातला हीटर हवा इतकी कोरडी करतो, की चारी बाजूंनी जाळीच्या पिंजऱ्यात फवारलेलं पाणी बघता बघता उडून जातं. त्यावर उपाय स्वस्त आहे. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या जाळीवर बाहेरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद लावायचा, पुढची बाजू आणि वरचा भाग उघडा ठेवायचा. फ्लोरिडा-टेक्साससारख्या दमट भागात याची गरजच पडत नाही. पिंजरा कोणता हे आपल्या घरातली हवा ठरवते.

गैरसमज ४ : खिडकीतलं ऊन आहे, मग यूव्ही दिवा कशाला?

वस्तुस्थिती : खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्ण अडवते. ऊब आत येते, ड जीवनसत्त्व बनवणारा भाग बाहेर राहतो. तो मिळाला नाही तर शरीर अन्नातलं कॅल्शियम वापरू शकत नाही आणि हाडांतून काढायला लागतं. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो, जिभेचा नेम चुकतो आणि फांदीवरची पकड सुटते. वाकलेली हाडं नंतर सरळ होत नाहीत.

म्हणून काटकसर इथे नको. पिंजऱ्याच्या रुंदीएवढी लांब टी-५ हाय आउटपुट ट्यूब, आत आरसा असलेल्या पट्टीत बसवलेली, हा खर्च टाळता येत नाही. व्हेल्डसाठी ५ किंवा ६ टक्क्यांची ट्यूब चालते. वरच्या जाळीतून किरणांचा बराच भाग अडतो, हे धरून दिवा आणि प्राण्याची पाठ यांत साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवतात. बसायच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास असावा. तो मोजायचं यंत्र महाग असतं, पण सरीसृप पाळणाऱ्यांच्या स्थानिक गटात कोणाकडे तरी असतं. एक संध्याकाळ मागून आणावं. ट्यूब दिसायला उजळ राहिली तरी तिचे यूव्हीबी किरण महिन्यागणिक घटतात. म्हणून साधारण वर्षाने ती बदलायची.

उबेचा दिवा मात्र स्वस्त असला तरी चालतो. तापणारा तारेचा किंवा हॅलोजन दिवा पुरे, एलईडीने ऊब मिळत नाही. बसायच्या जागी नरासाठी २९ ते ३२ अंश सेल्सिअस, मादीसाठी दोन-तीन अंश कमी. इथे एक बारकावा आहे. तापमापक बरेच जण फांदीवर ठेवतात, पण प्राण्याचा तुरा फांदीपेक्षा बराच वर, दिव्याच्या जास्त जवळ असतो. फांदीवर ३० अंश दाखवतं तेव्हा तुऱ्याच्या टोकाशी चटका बसेल एवढी आग असू शकते, आणि हा प्राणी भाजेपर्यंत तिथेच बसून राहतो. तापमान तुऱ्याच्या उंचीवर मोजावं.

उन्हाळ्यात खरं ऊन फुकट आहे, तेही वापरावं. जाळीचा छोटा पिंजरा बाहेर न्यावा, अर्धा भाग दाट सावलीत ठेवावा आणि जवळ बसून राहावं. काचेची पेटी उन्हात ठेवायची नाही. ती मिनिटांत भट्टी होते.

गैरसमज ५ : जंगलातला प्राणी, सतत ओलं ठेवा

वस्तुस्थिती : व्हेल्डचं मूळ घर म्हणजे कोरड्या नद्यांच्या काठची झाडी आणि डोंगरउतार. बारमाही ओलं जंगल नव्हे. दिवसा ३० ते ५० टक्के आर्द्रता त्याला पुरते, रात्री ती ७५ च्या वर गेलेली चांगली. रात्री गारवाही हवा, १५ ते १८ अंशांपर्यंत. दिवसभर उष्ण आणि ओलं ठेवलं तर बुरशी येते आणि श्वसनाचे आजार होतात. म्हणून फवारणी पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर करावी, मधल्या वेळात पानं कोरडी होऊ द्यावीत.

वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. त्यासाठी शे-दीडशे डॉलरचं स्वयंचलित यंत्र सोयीचं आहे, पण सुरुवातीला गरज नाही. दहा-पंधरा डॉलरचा बागेतला दाबाचा स्प्रे पंप आणि दह्याचा रिकामा डबा पुरतो. डब्याच्या तळाला टाचणीने एक भोक पाडायचं, डबा वरच्या जाळीवर असा ठेवायचा की थेंब मनी प्लांटच्या रुंद पानावर पडेल. पान दर थेंबाला किंचित हलतं, पाणी टोकाशी येऊन चमकतं. फांदीवर स्थिर बसलेल्या प्राण्याचा एक डोळा आधी तिकडे वळतो, मग दुसरा. मग तो झोके घेत येतो आणि जबडा हळूहळू हलवत पिऊ लागतो. कधी कधी यात वीस मिनिटं जातात. त्या वेळात कोणी समोर उभं राहू नये. पाणी पुरतंय की नाही हे विष्ठेसोबतच्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो गर्द पिवळा-नारिंगी पडला किंवा डोळे आत गेले, तर पाणी कमी पडतंय.

हे सगळं पाणी शेवटी खाली येतं आणि हौशी पिंजऱ्यांत तिथेच घोटाळा होतो. तळाच्या पत्र्याला भोकं पाडून खाली खोल ट्रे ठेवला, तर ना गालिचा भिजतो ना दुर्गंधी येते.

गैरसमज ६ : प्लास्टिकची झाडं चालतात, किंवा कुठलंही झाड चालतं

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. जिवंत झाड रात्रीची आर्द्रता धरतं, लपायला आडोसा देतं, पाणी प्यायला पान देतं. त्यात व्हेल्ड पानंही खातो, त्यामुळे प्लास्टिकचा तुकडा पोटात जाऊ शकतो.

आणि झाडं स्वस्त आहेत. मनी प्लांटची एक कांडी शेजारणीकडून आणून पाण्यात ठेवली की पंधरवड्यात मुळं धरते. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असले, तरी पाळणारे ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत आणि व्हेल्ड ते कुरतडतोही. जास्वंद तर उत्तमच, फूल आणि पान दोन्ही खाऊ शकतो, पण तिला प्रखर उजेड लागतो. मधल्या भागाला दाटी आणायला शेफलेरा आणि खाली स्पायडर प्लांट चालतो. कण्हेर, धोतरा, डिफेनबाखिया मात्र बिलकूल नको.

नर्सरीतून आणलेलं रोप थेट आत ठेवू नये. कुंडीतल्या मातीत खताचे रंगीत मणी आणि पांढरं पर्लाइट असतं, प्राणी ते अन्न समजून गिळतो. सगळी माती झटकून साध्या, खत न घातलेल्या मातीत रोप लावावं आणि वर मुठीएवढे गोटे मांडावेत. पानं धुवावीत. काही कीटकनाशकं रोपाच्या आत भिनलेली असतात, ती धुऊन जात नाहीत. म्हणून शक्य तर कीटकनाशक न मारलेलं रोप घ्यावं, नाहीतर काही महिने बाहेर वाढवून मग आत आणावं.

फांद्यांना पैसे देऊ नयेत. ओक, मेपल किंवा फवारणी न केलेल्या फळझाडाच्या सुकलेल्या फांद्या फुकट मिळतात. पाइनसारखी चिकाची लाकडं टाळावीत. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशा दोन गटांत चिमट्यासारखी जुळलेली असतात, म्हणून त्या चिमट्यात नीट बसेल अशा वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या आडव्या आणि तिरक्या बांधाव्यात. जाळीला वजन टांगलं तर ती फाटते. दोन्ही बाजूंच्या चौकटींत आडव्या लाकडी काठ्या स्क्रूने बसवाव्यात आणि कुंड्या-फांद्या झिप टायने त्या काठ्यांना बांधाव्यात.

गैरसमज ७ : 'बायोॲक्टिव्ह' केलं की साफसफाई संपली

वस्तुस्थिती : खाली निचऱ्यासाठी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, त्यावर माती-वाळू-कोकोपीटचं मिश्रण, वर सुका पाला आणि आत स्प्रिंगटेल व आयसोपॉड नावाचे कुजकं खाणारे चिमुकले जीव. अशी रचना सुंदर दिसते आणि विष्ठेचा बराचसा निकाल लावते. पण काच आणि पानं पुसावी लागतात, मेलेले किडे काढावे लागतात, निचऱ्याच्या थरात पाणी तुंबलं तर उपसावं लागतं. त्यात मातीचं वजन जाळीच्या पिंजऱ्याचा तळ पेलत नाही. कमी खर्चात पहिलाच पिंजरा असेल तर कुंड्यांतली झाडं आणि उघडा, रोज पुसता येणारा तळ हेच सोयीचं. विष्ठा रोज नजरेस पडते, त्यामुळे आजारही लवकर कळतो.

गैरसमज ८ : एकटा कंटाळेल, आणि मादी नराशिवाय अंडी घालत नाही

वस्तुस्थिती : शॅमेलिऑन एकटाच राहतो. दुसरा नजरेसमोर असणं हाच त्याला ताण. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघूनही तो फुगतो. एका पिंजऱ्यात दोन ठेवून जागा वाचवायचा विचारही करू नये.

व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी डझनांनी, आणि ती फलित नसतात. जमीन उकरायला जागा नसेल तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात मरू शकते. त्यावर उपाय म्हणजे निदान फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीने भरलेला प्लास्टिकचा डबा. पाच-दहा डॉलरचं काम. त्यातला बोगदा ढासळू नये एवढी ओल हवी. पहिल्यांदाच पाळत असाल तर नर घेतलेला बरा.

गैरसमज ९ : पार्श्वभूमी रंगीत ठेवली की तो तसे रंग घेईल

वस्तुस्थिती : रंग बदलण्यामागे मुख्यतः तापमान, मनःस्थिती आणि दुसऱ्या शॅमेलिऑनला द्यायचा इशारा असतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं, की त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ राहतात, उत्तेजित झाला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो.

पाळणाऱ्याला याचा एक फायदा आहे. सकाळी गडद होऊन दिव्याखाली चपटा बसलेला प्राणी ऊब घेतोय. दुपारीही तो गडदच राहिला, तर थंडी किंवा ताण आहे. दिव्याखाली आल्यावर फिकट पडून तोंड उघडं ठेवत असेल, तर फार गरम होतंय. रंगीत पोस्टरवर पैसे घालण्यापेक्षा रोज रंग नीट बघावा.

तर खर्च किती?

ढोबळ हिशेब असा. नवा जाळीचा पिंजरा दीडशे डॉलरच्या आसपास, सेकंडहँड निम्म्यात. यूव्हीबी ट्यूब आणि पट्टी सत्तर ते शंभर. उबेचा दिवा, डोम आणि टायमर चाळीसेक. आर्द्रता दाखवणारे दोन डिजिटल तापमापक वीस. झाडं, माती आणि ट्रे साठ ते ऐंशी. स्प्रे पंप पंधरा. सगळे मिळून तीनशे ते चारशे. शिवाय किडे, कॅल्शियमची पूड, वर्षाची नवी ट्यूब आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याची एक फेरी, हा चालू खर्च. तो परवडणार नसेल तर पिंजराच करू नये.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा. आधी पिंजरा उभा करावा, झाडं लावावीत, दिवे टायमरवर टाकावेत आणि दोन आठवडे तो रिकामाच चालवावा. वर, मध्ये आणि खाली तापमान किती राहतं, रात्री आर्द्रता कुठे जाते, सकाळची फवारणी दुपारपर्यंत वाळते का, ट्रे भरून वाहतो का, हे वहीत लिहावं. रिकाम्या पिंजऱ्यात चूक सुधारायला दिवा दोन इंच वर सरकवला की भागतं. प्राणी आत असेल, तर तीच चूक पशुवैद्याच्या बिलात दिसते. म्हणून पिल्लाचे पैसे सगळ्यात शेवटी खर्च करावेत.